रेग्युलेटरचं सोवळं : डाइव्हनंतर काय भिजवायचं, काय कोरडं ठेवायचं

तारकर्लीच्या डाइव्हिंगच्या बोटीवर पहिल्यांदा स्वतःचा रेग्युलेटर (पाण्याखाली सिलिंडरमधली हवा तोंडाशी आणणारं यंत्र) घेऊन चढलो त्या दिवशीची माझी मिजास विचारू नका. तोवर सगळं भाड्याचं होतं. भाड्याच्या सामानाचं एक बरं असतं : डाइव्ह संपली की ते सेंटरच्या मुलांच्या हातात द्यायचं आणि आपण सोलकढी प्यायला मोकळे. स्वतःचा रेग्युलेटर घेतल्यावर मात्र संध्याकाळी खोलीवर मीच तो बादलीत बुचकळला. आतपर्यंत स्वच्छ व्हावा म्हणून पाण्याखाली धरून पुढचं बटण चांगलं चार-पाच वेळा दाबलं. शर्टाची कॉलर चोळावी तितक्या मन लावून.

पुढच्या मोसमात तो सर्व्हिसला दिला, तेव्हा मेकॅनिकने फर्स्ट स्टेज (सिलिंडरला जोडला जातो तो भाग) उघडून माझ्यासमोर ठेवली. आत हिरवट पूड जमली होती. "बादलीत बटण दाबलंत ना?" एवढंच त्याने विचारलं. मी न धुता तसाच ठेवला असता, तर कदाचित नुकसान कमी झालं असतं.

आमच्या आजीच्या स्वयंपाकघरात सोवळ्याचं आणि ओवळ्याचं यांची हद्द ठरलेली असायची. रेग्युलेटरलाही तशीच हद्द असते. बाहेरची बाजू समुद्रात भिजण्यासाठीच केलेली असते. आतली, म्हणजे हवा जाते ती वाट, जन्मभर कोरडी राहायला हवी. ती सोवळ्यातली. खाली जे काही सांगितलं आहे ते ही हद्द न ओलांडता मीठ कसं काढायचं याबद्दलच आहे. नुकताच कोर्स झालेला असेल आणि पहिला सेट घेतला असेल (किंवा घ्यायचा विचार असेल), तर हे तुमच्यासाठी.

१. आधी यंत्र ओळखा

भरलेल्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाब असतो. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो, त्यावरून अंदाज घ्या. सिलिंडरच्या तोंडावर बसते ती फर्स्ट स्टेज. ती हा दाब आजूबाजूच्या पाण्याच्या दाबापेक्षा नऊ-दहा बार जास्त एवढ्यावर आणते. तिथून होजमधून, म्हणजे रबरी नळीतून, हवा तोंडातल्या सेकंड स्टेजकडे येते. तुम्ही श्वास ओढला की सेकंड स्टेजमधला रबरी पडदा आत ओढला जातो, पडदा एक दांडी दाबतो, दांडी झडप उघडते आणि हवा येते. श्वास सोडला की हवा खालच्या पातळ रबरी एक्झॉस्ट झडपेतून बाहेर जाते.

पुढचं पर्ज बटणही तोच पडदा, तीच दांडी दाबतं. सिलिंडर जोडलेला असेल तर झडप उघडताच हवा जोरात बाहेर येते, त्यामुळे पाणी आत शिरूच शकत नाही. सिलिंडर नसताना तेच बटण पाण्यात दाबलं, तर उघड्या झडपेतून पाणी होजमध्ये चढतं आणि तिथून फर्स्ट स्टेजपर्यंत पोचतं. मी नेमकं हेच केलं होतं.

जाता जाता : या यंत्राचा पूर्वज आपल्या स्वयंपाकघरातल्या गॅसच्या रेग्युलेटरच्या नात्यातला आहे. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये पेट्रोलची टंचाई होती आणि गाड्या गॅसवर चालवत. इंजिनाला लागेल तेवढाच गॅस सोडणारी झडप एमिल गान्यान या इंजिनिअरने बनवली होती. तिच्यातच बदल करून १९४३ मध्ये त्याने आणि जॅक कुस्तोने 'अ‍ॅक्वालंग' तयार केलं. इंजिनाच्या जागी माणसाची फुप्फुसं आली, एवढाच फरक.

तुमचा रेग्युलेटर योक आहे की डिन, हेही पाहून ठेवा. योक म्हणजे सिलिंडरच्या झडपेवर शिकंज्यासारखा बसतो तो. याची ओ-रिंग (जोडातून हवा गळू न देणारी रबरी कडी) सिलिंडरच्या झडपेत असते. डिन आट्यांनी आत फिरवून बसतो आणि त्याची ओ-रिंग रेग्युलेटरवरच असते, म्हणजे तिची काळजीही तुमच्याकडेच.

२. काय काय लागेल

फार काही नाही, बहुतेक घरातच सापडेल :

- मोठी बादली किंवा टब. होज न मुडपता मावले पाहिजेत.
- जुना सुती पंचा. टर्किशचे धागे सुटतात, तो नको.
- मऊ टूथब्रश
- सौम्य भांडी धुण्याचं लिक्विड, दोन थेंब पुरे. दर वेळी लागत नाही.
- एक जादा माउथपीस आणि चार झिप-टाय
- डिन असेल तर त्याच मापाच्या दोन-तीन ओ-रिंगा
- छोटी टॉर्च
- एक वही

आणि मुख्य म्हणजे गोडं पाणी. हे वाटतं तितकं सोपं नाही. शिवरायांनी समुद्रात बांधलेल्या सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, हे आपण शाळेपासून कौतुकाने ऐकतो. किनाऱ्यावरच्या प्रत्येक नळाला तसं पाणी असेल असं मात्र समजू नका. खाडीलगतच्या बोअरला उन्हाळ्यात मचूळ पाणी येतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं; मचूळ पाण्यात त्याहून कमी, तरी धुण्याचा हेतू बाद व्हावा इतपत असतंच. जिभेवर थेंब घेऊन पाहा. शंका आली तर शेवटचं खंगाळणं पिण्याच्या पाण्याने करा. शहरातही आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी यासाठी साठवू नका. त्यात क्षार जास्त असतात.

३. सुरुवात बोटीवरच

मीठ ओलं असतं तोवर पाण्याबरोबर निघून जातं. वाळलं की त्याचे खडे होतात, झडपांच्या फटीत अडकतात, आणि मग नुसत्या पाण्याने हलत नाहीत.

बोटीवर चढलात की सिलिंडर बंद करा आणि पर्ज दाबून होजमधली हवा सोडा (इथे दाब आहे, म्हणून हे चालतं). दाब दाखवणारा गेज शून्यावर आला की फर्स्ट स्टेज काढा. पण काढण्याआधी जोडाभोवतीचं पाणी पंचाने टिपून घ्या. तिथे साचलेला एखादा चमचा समुद्र फर्स्ट स्टेज सुटताक्षणी नेमका तिच्या तोंडात ओघळतो. हे मला कुणी शिकवलं नाही. दुसऱ्याच्या सामानावर होताना पाहिलं.

मग डस्ट कॅप, म्हणजे फर्स्ट स्टेजच्या तोंडाचं झाकण. ती आतून पूर्ण कोरडी करा आणि लगेच लावा. ओली कॅप लावली तर तो थेंब थेट सोवळ्यात गेला असं समजा. बरेच जण सिलिंडरची झडप थोडी उघडून हवेच्या झोताने कॅप वाळवतात. झोत फर्स्ट स्टेजच्या तोंडाजवळ असेल, तर तिथलं पाणी फिल्टरमधून आत ढकललं जाण्याची शक्यता असते. शिवाय शेजारच्याच्या कानठळ्या बसतात. पंचा पुरतो. योकचा स्क्रू हाताने बसेल इतकाच घट्ट करा, पान्याची गरज नाही.

बोटीवरच्या सामायिक धुण्याच्या टबाबद्दल माझं मत वाईट आहे. पहिल्याने बुडवलं तेव्हा त्यात गोडं पाणी होतं. सहाव्याने बुडवेपर्यंत ते खारट झालेलं असतं, आणि सगळ्यांनी मास्कमध्ये थुंकलेलं असतं ते वेगळंच. निदान तोंडात धरायची वस्तू त्यात घालू नका. बाटलीभर पाणी वरून ओता आणि बाकीचं काठावर करा.

४. भिजवणं

सर्वांत चांगली पद्धत म्हणजे सेंटरवर हवा शिल्लक असलेला सिलिंडर मागून घेणं. रेग्युलेटर त्याला जोडायचा, झडप उघडायची आणि सगळा सेट टबात सोडायचा. आत दाब आहे तोवर पाणी शिरत नाही, अगदी पर्ज दाबलं तरी. अर्धा तास राहू द्या. आडवा ठेवला तर उत्तम; उभा ठेवलात तर तिथून हलू नका, कलंडून कुणाच्या पायावर पडला तर वेगळाच खर्च. नंतर सिलिंडर बंद, हवा सोडा, जोड टिपा, काढा, कोरडी कॅप लावा. हाच क्रम.

घरी सिलिंडर नसतो. मग असं करा :

कॅप घट्ट आहे आणि तिची रिंग धड आहे याची खात्री करा. सेकंड स्टेजवर पुढे फिरवायची चावी असेल तर ती घड्याळाच्या दिशेने पूर्ण आत फिरवा. 'डाइव्ह' आणि 'प्री-डाइव्ह' असा खटका असेल तर 'प्री-डाइव्ह'वर आणा. यामुळे झडप सहज उघडत नाही. मग दोन्ही सेकंड स्टेज (आपली, आणि शेजाऱ्यासाठीची जादा, जिला ऑक्टो म्हणतात), गेज आणि इन्फ्लेटरचं, म्हणजे जॅकेट फुगवणाऱ्या होजचं टोक कोमट पाण्याच्या बादलीत सोडा. कोमट म्हणजे बाळाला अंघोळ घालाल इतपत, कढत नाही. फर्स्ट स्टेज मात्र बादलीच्या कडेवर, वर ठेवा. पाणी चुकून झडपेतून शिरलंच, तर ते चढून वर जाणार नाही.

फर्स्ट स्टेजवरची भोकं, खाचा, जोड यांवर नळाची बारीक धार दोन-तीन मिनिटं फिरवा. पिस्टन जातीच्या फर्स्ट स्टेजला आजूबाजूला भोकं असतात आणि समुद्राचं पाणी त्यांतून आत-बाहेर करतं. तो भाग भिजण्यासाठीच असतो, त्याला घाबरू नका. तिथेच मीठ जास्त साचतं. कॅप नीट पाणी धरत असेल, तर कॅपसकट फर्स्ट स्टेज बुडवायलाही अनेक कंपन्यांची पुस्तिका परवानगी देते. तुमची पुस्तिका काय म्हणते ते पाहा. माझी कॅप जुनी आहे, मी बुडवत नाही.

व्हिनेगर, लिंबू, ब्लीच, ब्रासो यातलं काहीही नको. आतलं पितळ आणि वरचा क्रोमचा मुलामा ही काही देवघरातली समई नव्हे. रबराला चमक यावी म्हणून सिलिकॉनचा स्प्रे मारणारेही पाहिलेत. तोही नको.

५. सेकंड स्टेज

नळाखाली धरा, माउथपीसमधून पाणी आत जाऊ द्या आणि खालच्या एक्झॉस्टमधून बाहेर पडू द्या. पर्ज दाबायचं नाही. इथे एक छुपी गोम आहे : धार जोरात असेल आणि ती पुढच्या जाळीवर मारलीत, तर पाण्याच्या जोराने पडदा दबतो. म्हणजे बटणाला बोट न लावताही बटण दाबल्यासारखंच झालं. धार मवाळ ठेवा आणि माउथपीसच्या बाजूनेच सोडा.

देवबागच्या संगमाजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे पाण्यात वाळू फार. वाळूचा एक कण एक्झॉस्ट झडपेखाली अडकला की ती पूर्ण मिटत नाही आणि दर श्वासाला घोटभर पाणी तोंडात येतं. नवखा माणूस घाबरतो, रेग्युलेटर बिघडला म्हणतो. म्हणून एक्झॉस्टच्या बाजूने थोडं जास्त वेळ पाणी सोडा.

माउथपीस टूथब्रशने घासा, दोन थेंब लिक्विड इथे वापरा आणि नीट खंगाळा. दातांच्या पकडीजवळ चिरा पडल्या असतील तर माउथपीस बदला. झिप-टाय कापायची, जुना काढायचा, नवा बसवायचा, नवी झिप-टाय ओढून टोक कापायचं. पाच मिनिटांचं काम. झिप-टायचं कापलेलं टोक ओठाकडे येऊ देऊ नका.

यापुढे काही उघडायचा मोह टाळा. यूट्यूबवर पाहून सेकंड स्टेज उघडणारा एक मित्र आहे माझा. जोडून झाल्यावर त्याच्याकडे एक स्प्रिंग उरली.

६. होज आणि गेज

होजच्या टोकांना रबरी वेष्टणं असतील तर ती सरकवा. त्यांच्याखाली मीठ दडून बसतं आणि नेमका तिथेच होज कुजतो. फुगवटा, चीर, कडकपणा बोटांनी चाचपा. काही सापडलं तर होज बदलायचाच, चिकटपट्टी नाही.

७. वाळवणं

पाणी झटकून सावलीत, वारा लागेल तिथे. गॅलरीच्या उन्हात पापडासारखं घालू नका, रबर कडक होतं. हेअर ड्रायर नको. सेकंड स्टेज फर्स्ट स्टेजपेक्षा खाली राहतील आणि माउथपीस खाली तोंड करून असेल असं ठेवा, म्हणजे उरलंसुरलं पाणी होजकडे न जाता बाहेर निथळेल. फर्स्ट स्टेजपासून होज काटकोनात लोंबकळत ठेवले तर मुळाशी ताण येतो. मी पंचा अंथरून टेबलावर आडवं ठेवतो आणि अधूनमधून उलटतो. वाळायला एक पूर्ण रात्र लागतेच.

मालवणहून घाट चढून पुण्याला निघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा : न धुतलेला सेट डिकीत टाकलात तर घरी पोचेपर्यंत मिठाचे खडे तयार. तापलेली डिकी त्याला भट्टीच असते. वेळ नसेल तर किमान गोड्या पाण्याच्या बादलीतून काढा आणि ओल्या पंचात गुंडाळून न्या. अंदमानला गेलेल्यांना मात्र आयती सवड मिळते. अनेक डाइव्ह केल्यानंतर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबायचं असतं, तेवढ्यात सामान निवांत धुऊन वाळतं. विमानात रेग्युलेटर हातातल्या बॅगेत घ्या.

८. आत पाणी गेलंच तर

लपवू नका, विसरूही नका. सेंटरवर जा, सिलिंडर जोडा, झडप हळू उघडा आणि दोन्ही सेकंड स्टेजचं पर्ज आळीपाळीने अर्धा-अर्धा मिनिट दाबून धरा. हवेबरोबर तुषार बाहेर पडतील. गोडं पाणी गेलं असेल तर बरंचसं काम यात होतं, तरी पुढच्या सर्व्हिसला सांगा. खारं गेलं असेल तर पाणी उडून जाईल पण मीठ आतच राहील. तो रेग्युलेटर उघडून साफ होईपर्यंत वापरायचा नाही.

फर्स्ट स्टेजच्या तोंडात टॉर्च मारून पाहा. तिथे बारीक धातूचा फिल्टर दिसतो. हिरवट झाला असेल तर पाणी शिरलं आहे. तांबूस असेल तर एखाद्या स्टीलच्या सिलिंडरमधला गंज आलाय. काळसर असेल तर हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरच्या फिल्टरबद्दल त्या सेंटरला विचारायला हरकत नाही.

९. पावसाळा : खरी परीक्षा

मे संपता संपता आपल्या किनाऱ्यावरचं डाइव्हिंग थांबतं आणि सेट चार महिने कपाटात जातो. खरी हानी इथे होते. कोकणातली आणि मुंबईची पावसाळी दमट हवा चामड्याच्या चपलेला बुरशी आणते, तशीच माउथपीसलाही आणते. शेवटची धुणी जास्त काळजीने करा, दोन दिवस वाळवा, आणि आत फिरवलेली ती पुढची चावी आता पूर्ण बाहेर फिरवा. झडप मिटवणाऱ्या आतल्या मऊ गादीवरचा (सीटवरचा) ताण कमी होतो. होजची सैलसर, मोठी वेटोळी करा. हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. झाकणाचा डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या हे चांगलं. इन्व्हर्टर किंवा मोटारीजवळ ठेवू नका, तिथला ओझोन रबर खातो.

डबा म्हणतोय ते झुरळांमुळेही. माउथपीसला खाण्याचा वास असतो, एक्झॉस्टमधून आत जायला वाट असते आणि ती पातळ रबरी झडप कुरतडायला छान. हसू नका.

१०. सर्व्हिस आणि कागदपत्रं

दर वर्षी की दर दोन वर्षांनी, हे कंपनीच्या पुस्तिकेत असतं. बरोबर डाइव्हचा आकडाही, बहुधा १०० च्या आसपास, आणि जे आधी पूर्ण होईल ते धरायचं. वापरला नाही म्हणून सर्व्हिस नको, हा गैरसमज आहे. रबर पडून राहूनही म्हातारं होतं.

सर्व्हिसला जाताना खरेदीचं बिल, वॉरंटी कार्ड, फर्स्ट आणि दोन्ही सेकंड स्टेजचे सीरियल नंबर (फोटो काढून ठेवा), मागच्या सर्व्हिसची पावती आणि ती वही न्या. वहीत किती डाइव्ह, समुद्र की पूल, काही खटकलं का, एवढंच लिहायचं. पूलमध्ये वापरला तरी धुवायचाच, क्लोरीनही रबराचा मित्र नाही. तुमच्या कंपनीचं प्रशिक्षण मेकॅनिकने घेतलं आहे का, हे आधी विचारा. काम झाल्यावर बदललेले जुने भाग परत मागा. चांगला मेकॅनिक स्वतःहूनच देतो.

११. ऑक्टोबरमध्ये बाहेर काढल्यावर

कॅप लावलेली असतानाच सेकंड स्टेज तोंडात घ्या आणि हळू श्वास ओढा. हवा अजिबात येता कामा नये. आली, तर पडदा फाटलाय किंवा एक्झॉस्ट झडप दुमडली, कुरतडली आहे. तोंडात घेण्याआधी मात्र माउथपीसमध्ये टॉर्च मारून पाहा, झुरळाचं वर सांगितलंच आहे.

मग सिलिंडर जोडा. गेजची काच स्वतःकडे किंवा कुणाकडेही नको, झडप सावकाश उघडा. दहा मिनिटं नुसतं ऐकत बसा. पंखा बंद करा. सुरुवातीला शांत असलेली सेकंड स्टेज थोड्या वेळाने आपोआप बारीक सुसकारायला लागली, तर फर्स्ट स्टेज दाब धरून ठेवत नाहीये आणि तो हळूहळू वाढतोय. सर्व जोड साबणाच्या पाण्यात बुडबुड्यांसाठी पाहा. शेवटी दोन्ही सेकंड स्टेजमधून दहा-दहा श्वास घ्या, ऑक्टोमधूनही. ऑक्टो सगळे विसरतात, कारण तो आपल्यासाठी नसतोच, शेजाऱ्यासाठी असतो.